आधीं नाडी, मग मात्रा

रोगी दारांत येतांच त्याची नाडी न पाहतां जो वैद्य मात्रा उगाळावयास बसतो, त्याला आपल्या खेड्यांतील निरक्षर मनुष्यहि वैद्य म्हणणार नाहीं. मात्रा कितीहि मोलाची असली तरी ती कोणत्या रोगावर द्यावयाची हें ठरल्यावांचून दिली असतां विषासारखी बाधते, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु हाच साधा नियम जुन्या चित्रांच्या बाबतींत आपण सहज विसरतों. भिंतीवरील चित्र काळवंडलें, त्याचे पोपडे सुटूं लागले, कीं घरांतील कर्त्या पुरुषास किंवा संस्थेच्या पंचांस वाटूं लागतें, "आतां याची कांहींतरी व्यवस्था केली पाहिजे." दुसऱ्या दिवशीं बादली, साबण, ब्रश व रंगाचा डबा घेऊन कोणीतरी शिडीवर चढतो. हेतु उत्तम असतो, पैसाहि पदरचा खर्च होतो, आणि संध्याकाळपर्यंत शेंदोनशें वर्षांची वस्तु कायमची नाहींशी होते.

या लेखांत मला एवढेंच प्रतिपादन करावयाचें आहे कीं, जुन्या चित्राचा जीर्णोद्धार करण्यापूर्वीं त्याची शास्त्रीय परीक्षा झालीच पाहिजे. आणि जोंवर ती झाली नाहीं तोंवर चित्रास हात न लावणें हीच त्याची खरी सेवा होय. कोणी म्हणेल, हा विषय मोठ्या शहरांतील पदार्थसंग्रहालयांचा आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस त्याचें काय? त्याचें उत्तर प्रथम देतों.

अजिंठ्याचीं लेणीं आपणांपैकीं कित्येकांनीं सहलीच्या निमित्तानें पाहिलीं असतील. वाघूर नदीच्या वळणावरील कड्यांत हीं सुमारें तीस लेणीं कोरलेलीं आहेत. त्यांतील कांहीं इसवी सनाच्या पूर्वींचीं आहेत. परंतु ज्या चित्रांमुळें अजिंठ्याचें नांव जगभर झालें तीं बहुतेक पांचव्या शतकांतील होत. त्या काळीं विदर्भावर वाकाटकांचें राज्य होतें, व त्यांची एक शाखा वत्सगुल्म, म्हणजे आजचें वाशीम, येथें राज्य करीत होती. सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यांत तें लेणें करविणाऱ्या वराहदेवाचा शिलालेख आहे. हा वराहदेव वत्सगुल्मच्या हरिषेण राजाचा प्रधान होता. आपल्या जिल्ह्यांतील पुसद तालुका १९०५ सालापर्यंत वाशीम जिल्ह्यांतच मोडत असे. इतकेंच नव्हे, तर वाशीम येथें मिळालेला वाकाटक राजा विंध्यशक्ति याचा ताम्रपट १९३९ सालीं ज्या विद्वानांनीं प्रसिद्ध केला, त्यांत आपल्या यवतमाळचे श्री. य. खु. देशपांडे हे होते. तेव्हां अजिंठ्याचीं चित्रें आपणांस परकीं नाहींत. तीं आपल्या शेजारच्या राजांच्या आश्रयानें झालेलीं आहेत, आणि त्यांच्यावर कोणकोणते प्रसंग आले हें समजून घेणें आपणांस उचितच आहे.

सन १८१९ च्या एप्रिल महिन्यांत जॉन स्मिथ नांवाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्तानें त्या दरींत आला असतां त्याला हीं लेणीं दिसलीं. दहाव्या लेण्यांतील एका रंगविलेल्या आकृतीवर त्यानें आपलें नांव व तारीख कोरून ठेविली. त्यापूर्वीं कित्येक शतकें त्या चित्रांवर वटवाघळांचा, पक्ष्यांचा, किड्यांचा आणि आंत विस्तव पेटविणाऱ्या माणसांच्या धुराचा अंमल चालूच होता. पुढें रॉबर्ट गिल या लष्करी चित्रकारानें अनेक वर्षें लेण्यांत बसून चित्रांच्या नकला केल्या. त्यांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत भस्मसात् झाल्या. त्यानंतर मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून पेस्तनजी बोमनजी वगैरे आपल्या विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन पुन्हां नकला करविल्या. त्यांतीलहि पुष्कळ १८८५ सालीं लंडनमध्येंच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. नकलांचें हें दैव पाहिलें म्हणजे मूळ चित्राचें मोल अधिकच कळतें. नक्कल जळाली तर दुसरी करतां येते. भिंतीवरचें मूळ गेलें तर तें ज्या हातांनीं काढलें ते हात कोठून आणावयाचे?

परंतु याच नकलांच्या कामांत एक गोष्ट घडली. काळवंडलेलें चित्र स्पष्ट दिसावें म्हणून त्यावर रोगणाचा हात फिरविण्यांत आला. ओल्या दगडाचा रंग जसा खुलतो तसें रोगण लावतांच चित्र क्षणभर खुलतें, म्हणून तो मोह आवरणें कठीण असतें. पुढें लेणीं ज्यांच्या राज्यांत होतीं त्या निजामांच्या सरकारनें चित्रांच्या रक्षणाचें काम मनावर घेतलें. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांच्या कारकीर्दींत लोरेन्झो चेक्कोनी व त्यांचे सहकारी काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांस मुद्दाम बोलाविण्यांत आलें. सन १९२० ते १९२२ या काळांत त्यांनीं सुटत चाललेला गिलावा ठिकठिकाणीं भिंतीस पुन्हां घट्ट केला. त्यांचें हें काम झालें नसतें तर आज आपण पाहतों त्यांतील कांहीं चित्रें खालीं पडून माती झालीं असतीं, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. परंतु चित्रांचें रक्षण व्हावें म्हणून त्यांनीं त्यांवर लाखेचें रोगणहि चढविलें. आपल्या जिल्ह्यांतील मुलांस लाख सांगावयास नको. पळसाच्या फांदीवर ती त्यांनीं पाहिली असेल. ही लाख मद्यार्कांत विरघळवून लावली कीं पातळ, चकचकीत थर बसतो. पण वर्षें लोटतात तसा तो थर पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, त्याला बारीक तडे जातात आणि त्यांत धूळ व काजळी घट्ट धरून बसते. जें कवच म्हणून घातलें होतें तेंच मळकट पडद्यासारखें चित्रांवर पसरलें. मूळचा शुभ्र रंग पिवळा दिसूं लागला व निळा हिरवट दिसूं लागला. आणि अजिंठ्याचे चितारी असेच उदास रंग वापरीत असावेत असा पाहणाऱ्यांचा समज होऊं लागला. तें रोगण व त्याखालची काजळी थोड्या थोड्या जागेवर, अत्यंत सावकाशीनें उतरविण्याचें काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांस पुढें अनेक वर्षें करावें लागलें आहे.

येथें कोणाच्या हेतूस दोष देण्याचें कारण नाहीं. नकला करणारे चित्रकार त्या चित्रांचे भक्त होते; इटालियन तज्ज्ञ आपल्या काळचे नामांकित कारागीर होते. परंतु इटलींत जीं भित्तिचित्रें त्यांनीं हाताळलीं होतीं त्यांची प्रकृति निराळी व अजिंठ्याची निराळी. इटलींतील जुनें भित्तिचित्र पुष्कळदां ओल्या चुन्यावर काढलेलें असतें. चुना वाळतांना हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु शोषून घेतो व दगडासारखा होतो. त्यांत मिसळलेला रंग त्या दगडाचाच भाग होऊन बसतो. अजिंठ्याचीं चित्रेंहि तशाच रीतीचीं असावीत असें कांहीं जुन्या अभ्यासकांचें मत होतें. हा वाद डोळ्यांनीं पाहून मिटणारा नव्हता. मद्रासच्या सरकारी पदार्थसंग्रहालयांतील रसायनज्ञ एस्. परमशिवन् यांनीं १९३० नंतरच्या दशकांत गिलाव्याच्या बारीक तुकड्यांचें पृथक्करण केलें, तेव्हां खरा प्रकार उघड झाला. खडकावर प्रथम माती, दगडाची भरड, भाताचें तूस व गवताचे तंतु यांचा खरबरीत लेप. त्यावर अधिक बारीक लेप. त्यावर पातळ पांढरा हात. आणि तो वाळल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यांत खललेले रंग, अशी ती रचना आहे. म्हणजे येथें रंग चुन्यांत गोठलेला नाहीं. तो कोरड्या पृष्ठभागावर सरसाच्या आधारानें चिकटून आहे.

विद्यार्थिमित्रांनो, ही माहिती केवळ परीक्षेंत लिहिण्यापुरती नव्हे, हें ध्यानांत घ्या. ओल्या चुन्यावरील चित्र पाण्यानें हलकेंच पुसलें तर तें बहुधा सहन करील. सरसांत कालविलेल्या रंगावर ओला बोळा फिरविला तर सरस सुटेल आणि रंग बोळ्याबरोबर निघून येईल; खालची माती पाणी पिऊन फुगेल व अखेर भिंत सोडील. दोन्हीं चित्रें वरून सारखींच दिसतात. एकास जो उपचार तोच दुसऱ्यास घात, आणि त्या दोहोंतील भेद प्रयोगशाळेवांचून कळत नाहीं. माझ्या म्हणण्याचें सारें सार या एका उदाहरणांत आहे.

ही परीक्षा करतात तरी कशी, हें आतां थोडक्यांत सांगतों. पहिलें साधन डोळा व तिरपा प्रकाश. वहीच्या पानावर दाबून लिहून तें पान फाडलें, तर खालच्या कोऱ्या पानावर उमटलेलीं अक्षरें समोरून दिसत नाहींत; दिवा बाजूस धरला कीं दिसतात. त्याचप्रमाणें भिंतीच्या कडेनें तिरपा प्रकाश सोडला असतां कोठें फुगवटा आहे, कोठें रंगाची खपली उचलली आहे, कोठें मागाहून लिंपण झालें आहे, हें कळून येतें. दुसरें साधन अतिनील प्रकाश. नोट खरी कीं खोटी हें पाहण्यास बँकेंत जो जांभळट दिवा असतो, त्याच जातीचा हा प्रकाश आहे. यांत झाडांच्या राळेचें जुनें रोगण हिरवट चमकतें, व त्यावर नंतर कोणी रंग लाविला असल्यास तो काळ्या डागासारखा दिसतो. तिसरें साधन अवरक्त किरण. हे किरण कित्येक रंगांच्या थरांतून आरपार जातात, पण काजळाच्या रेघेपाशीं शोषले जातात. म्हणून चिताऱ्यानें रंग भरण्यापूर्वीं काढलेली मूळ रेखा त्यांच्या साह्यानें पाहतां येते. चौथें साधन क्ष-किरण. इस्पितळांत जशीं हाडें दिसतात तसा चित्रांत शिशाचा पांढरा रंग दिसतो, कारण शिसें क्ष-किरणांस अडवितें. कापडावरील वा फळीवरील चित्रास हें साधन उत्तम. मागें डोंगर असलेल्या भिंतीस तें चालत नाहीं. तेथें दुसरी युक्ति योजितात. समोरूनच क्ष-किरण सोडले असतां रंगांतील प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या परीचे किरण उलट पाठवितें. ते मोजले म्हणजे येथें लोह आहे, येथें पारा आहे, येथें शिसें आहे, असें चित्रास न खरवडतां कळतें. लोह आढळल्यास तो रंग काव किंवा पिवळी माती असण्याचा संभव. पारा आढळल्यास हिंगूळ.

शेवटचें साधन म्हणजे सूक्ष्मदर्शक. आधींच सुटलेली, मोहरीच्या दाण्याहूनहि लहान अशी खपली घेऊन तिचा उभा छेद पाहतात. आपल्याकडे विहीर खणतांना वर काळी माती, मग मुरूम, मग खडक असे थर जसे काठावर उभे दिसतात, तसेच या कणांत खालचा गिलावा, वरचा हात, मूळ रंग, रोगण, धूळ व मागाहून दिलेला रंग असे थर एकावर एक दिसतात. कोणता थर केव्हांचा, याचाहि कधीं कधीं निकाल लागतो. टायटॅनियमचा पांढरा रंग चित्रकारांच्या हातीं विसाव्या शतकांत आला आणि प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या आरंभीं. सतराव्या शतकांतील म्हणविलेल्या चित्रांत टायटॅनियम आढळलें, तर तो भाग मागाहून कोणी दुरुस्त केला आहे किंवा सारें चित्रच बनावट आहे.

थरांच्या या साक्षीवर केवढा मोठा निर्णय अवलंबून असतो, याचें एक उदाहरण जर्मनींतील ड्रेस्डेन शहराचें आहे. तेथील संग्रहालयांत खिडकीपाशीं पत्र वाचणाऱ्या तरुणीचें एक चित्र आहे. तें सतराव्या शतकांतील डच चित्रकार योहान्नेस व्हर्मीर याचें होय. तिच्या मागची भिंत कोरी दिसे. सन १९७९ मध्यें क्ष-किरणांनीं पाहतां त्या भिंतीखालीं कामदेवाचें चित्र झांकलेलें आढळलें. चिताऱ्यानें स्वतःच विचार बदलून तें झांकलें असावें, असें सर्वांनीं मानलें. आणि तसें असतें तर तें उघडें करणें हा चिताऱ्याच्या इच्छेचा भंग झाला असता. परंतु २०१७ सालीं सुरू झालेल्या जीर्णोद्धारांत कण तपासले तेव्हां मूळ कामदेव व वरची भिंत यांच्यामध्यें जुन्या रोगणाचा व धुळीचा थर सांपडला. धूळ बसावयास वर्षें लागतात. यावरून वरची भिंत चिताऱ्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच कोणीतरी रंगविली असें ठरलें, आणि मगच ती सुरीच्या टोंकानें कणाकणानें काढण्यांत आली. सन २०२१ मध्यें तें चित्र मूळ रूपांत लोकांसमोर आलें. धुळीच्या एका बारीक थरानें तज्ज्ञांचें जवळ जवळ चाळीस वर्षांचें मत फिरविलें!

परीक्षेचा दुसराहि एक लाभ आहे. जें भरून काढावयाचें तें कशानें भरावें, हें तीच सांगते. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्याचा अभ्यास रसायनज्ञ राजदेव सिंह व वनस्पतिशास्त्राचे अध्यापक एम्. एम्. सरदेसाई यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केला. त्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे तंतु मिसळलेले आढळले. अजिंठ्याच्या गिलाव्यांत ते नाहींत, आणि तेथें किडीनें गिलाव्याची हानि अधिक केली आहे, असें त्यांनीं दाखविलें. आपल्या पूर्वजांस मातींत काय मिसळावें याचें ज्ञान होतें, आणि तें ज्ञान आज त्या भिंतींतूनच परत मिळवितां येतें. हें न पाहतां जो मातीच्या गिलाव्यास सिमेंटचें ठिगळ लावतो, तो जुन्या धोतरास पत्र्याचा तुकडा जोडतो. सिमेंट माती इतकें लवचिक नाहीं. शिवाय त्यांतील क्षार ओलीबरोबर भोंवतालच्या जुन्या गिलाव्यांत शिरून त्यालाच पोखरतात. त्याचप्रमाणें अजिंठ्याचे तांबडे, पिवळे, हिरवे रंग बहुतेक मातींतले व दगडांतले आहेत; परंतु निळा रंग लाजवर्द दगडाचा असल्याचें पृथक्करणानें ठरलें आहे, आणि तो दगड अफगाणिस्तानांतील बदख्शान प्रांताच्या खाणींतून येत असे. एका निळ्या ठिपक्यामागें केवढा प्रवास, केवढा व्यापार व केवढा खर्च आहे! तो ठिपका ज्यास ओळखतां येत नाहीं, त्यानें त्याच्या शेजारीं बाजारांतला निळा रंग लावूं नये.

यावर आक्षेप येतात, व ते खोटे नाहींत. पहिला आक्षेप पैशाचा. गरीब संस्थेनें प्रयोगशाळेचा खर्च कोठून करावा? माझें उत्तर असें कीं, दुरुस्तीस जो पैसा निघतो त्यांतलाच कांहीं भाग प्रथम परीक्षेकडे लावावा. तेवढाहि नसेल तर दुरुस्तीच करूं नये. न केलेली दुरुस्ती उद्यां करतां येते; चुकीची केलेली दुरुस्ती पुसतां येत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, पाहणी होईपर्यंत चित्र राहील काय? हें खरें आहे. पण चित्राचे मोठे शत्रु पाणी, धूर व माणसाचा हात हे आहेत, आणि या तिघांस दूर ठेवण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. तिसरा आक्षेप श्रद्धेचा. देवळांतील वा चर्चमधील चित्र हें संग्रहांतील वस्तु नसून उपासनेचा भाग आहे. तें उत्सवास ताजें, टवटवीत दिसलें पाहिजे. या भावनेविषयीं मला पूर्ण आदर आहे, कारण आमच्या चर्चमध्येंहि जुन्या फळ्यांस दर नाताळास नवा रंग देण्याची हौस असते. परंतु ज्यास नवें चित्र हवें त्यानें तें नव्या फळीवर काढवून घ्यावें. आजोबांचा फोटो जुना झाला म्हणून त्यावर कोणी खडूनें मिशा काढीत नाहीं.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. अजिंठ्यास रोगण लावणारेहि तज्ज्ञच होते. मग आजच्या तज्ज्ञांवर तरी विश्वास कां ठेवावा? याचें प्रामाणिक उत्तर हेंच कीं, आंधळा विश्वास ठेवूंच नये. आजचें शास्त्रहि उद्यां अपुरें ठरेल. म्हणूनच आजच्या तज्ज्ञांनीं स्वतःवर दोन बंधनें घालून घेतलीं आहेत. एक, जें लावावयाचें तें पुढच्या पिढीस मूळ चित्रास इजा न होतां काढतां आलें पाहिजे. दुसरें, केलेल्या प्रत्येक कृतीची लेखी नोंद व छायाचित्र ठेवलें पाहिजे. ज्यास आपली चूक होऊं शकते हें ठाऊक आहे, तोच ती सुधारण्यास जागा ठेवतो. या दोन बंधनांपुढें नमणारा तज्ज्ञ असेल त्याच्याच हातीं चित्र द्यावें.

परीक्षेवांचून घातलेला हात काय करतो याचा पुरावा दूर स्पेनमध्यें बोर्खा गांवच्या एका प्रार्थनामंदिरांत पाहावयास मिळतो. तेथें भिंतीवर कांट्यांचा मुगुट घातलेल्या प्रभु ख्रिस्ताचें एक चित्र होतें. ओलीनें त्याचे पोपडे सुटूं लागले, म्हणून गांवांतील एका वृद्ध, भाविक बाईनें २०१२ सालीं तें स्वतःच दुरुस्त करावयास घेतलें. तिची भक्ति खरी होती. पण मुखाचें मूळ रूप नाहींसें झालें, आणि सगळें जग त्या चित्रास हंसलें. मला त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. आपल्या प्रत्येक गांवांत तसा भाविक हात आहे. फरक इतकाच कीं तेथें वर्तमानपत्रें पोंचलीं व येथें पोंचत नाहींत.

आपल्या जिल्ह्यांत अजिंठा नाहीं हें खरें. परंतु जुने वाडे आहेत, देवळें आहेत, मठ आहेत; कोठें ओसरीच्या भिंतीवर, कोठें लांकडी तक्तपोशीवर, कोठें देव्हाऱ्याच्या दारावर जुनीं चित्रें अजून तग धरून आहेत. कांहीं दिवसांपूर्वीं आठवीच्या एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, आमच्या वाड्याच्या ओसरींत घोडेस्वारांचीं चित्रें आहेत. ताईच्या लग्नासाठीं काका भिंत रंगवून घेणार म्हणतात. आजोबा म्हणतात, चित्रांवर तेलाचा बोळा फिरवा म्हणजे तीं चमकतील. काय करावें?" मीं त्यास सांगितलें कीं, रंगहि नको व तेलहि नको, आजोबांस एवढेंच विचार कीं त्या भिंतीवर पावसाचें पाणी कोठून येतें. पुढें त्याच्या घरीं मंडळींनीं कौलें फेरून घेतलीं, भिंतीस टेकवून ठेवलेलीं पोतीं हलविलीं, आणि मांडव भिंतीपासून दोन हात दूर घातला. लग्न थाटानें झालें. तीं चित्रें मळकट आहेत. पण तीं आहेत. उद्यां कोणी जाणता मनुष्य आला तर त्यास पाहावयास कांहींतरी उरलें आहे.

पालकांस माझी विनंति आहे कीं, आपल्या घरीं किंवा आपल्या देखरेखीखालील इमारतींत असें जुनें चित्र असेल, तर पाणी, साबण, लिंबू, तेल, रॉकेल व रोगण यांपैकीं कांहींहि त्यास लावूं नये. सुटलेला पोपडा ओढूं नये. त्यावर चुना फिरवूं नये, खिळा ठोकूं नये, त्याच्याजवळ चूल किंवा धूपाचें भांडें ठेवूं नये. छप्पर व पन्हळ मात्र दर पावसाळ्यापूर्वीं पाहावें, कारण अर्धा रोग तेथेंच असतो. मग दिवसाच्या उजेडांत समोरून एक व विजेरी तिरपी धरून एक अशीं छायाचित्रें घ्यावीत, त्यांवर तारीख लिहावी, आणि घरांतील वडील माणसांस त्या चित्राविषयीं जें आठवतें तें टिपून ठेवावें. नंतर तीं छायाचित्रें राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालयें संचालनालयाकडे किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे पाठवून सल्ला मागावा. सर्वेक्षणाची विज्ञान शाखा १९१७ सालीं सुरू झाली असून तिचें मुख्य ठिकाण देहरादून येथें आहे. आपल्या बाजूस तिचें काम छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथून चालतें. लखनौ येथें सांस्कृतिक संपत्तीच्या जतनासाठीं राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा आहे, व मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत चित्रांच्या जतनाचा स्वतंत्र विभाग आहे. उत्तर यावयास उशीर लागेल. कदाचित् दोन पत्रें लिहावीं लागतील. ज्या चित्रानें दोनशें वर्षें वाट पाहिली तें आणखी दोन वर्षें पाहील, जर आपण त्यास पाऊस लागूं दिला नाहीं तर.

विद्यार्थ्यांस सांगावयाचें तें वेगळें आहे. तुम्हांपैकीं कोणास रसायनाची आवड असते, कोणास चित्रकलेची, कोणास इतिहासाची. आणि हे तिन्ही विषय एकमेकांस परके आहेत, अशी आपली समजूत असते. जुन्या चित्राच्या परीक्षेंत हे तिघे एकाच मेजापाशीं बसतात. प्रयोगशाळेंत आम्लाचा थेंब टाकून बुडबुडे येतात कीं नाहीं हें तुम्ही पाहतां, तेव्हां समोरचा पदार्थ चुन्याच्या जातीचा आहे किंवा नाहीं हेंच तुम्ही ओळखत असतां. परमशिवन् यांच्या शोधाची पहिली पायरी याहून फार दूर नव्हती. आपल्या जिल्ह्यांतील एखाद्या मुलानें वा मुलीनें हा मार्ग धरला, तर वाशीमच्या राजांनीं ज्या भिंती रंगवून घेतल्या त्यांच्यापाशीं वाकाटकांच्याच मुलखांतील एक डोळा पुन्हां जाऊन बसेल.

सारांश, जुन्या चित्रावर प्रेम करणारे लोक थोडे नाहींत. प्रेमाच्या भरांत थांबूं शकणारे थोडे आहेत. बोळा हातांत घेण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःस तीन प्रश्न विचारावे: हें कशावर काढलें आहे, कशानें काढलें आहे, आणि त्यावर मागाहून काय काय चढलें आहे? या तिहींचीं उत्तरें मिळालीं म्हणजे उपचारास खुशाल आरंभ करावा. तोंवर छप्पर नीट ठेवावें, धूर दूर ठेवावा, आणि शिडी घराच्या मागच्या बाजूस उभी करून ठेवावी.